ब्रेकचं तेल आणि चाचांचे डोळे

आमची गाडी माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे. ती घेतली माझ्या नवऱ्याने. कारंज्याच्या एका निवृत्त डॉक्टरांच्या अंगणात त्याने ती पाहिली आणि दोन दिवस जेवताना बोलला नाही. तिसऱ्या दिवशी घेऊन आला, म्हणजे टेम्पोला दोर बांधून ओढत आणली. मग तो ती चालवायला शिकला, पण आमच्या फाटकाच्या खांबापर्यंतच. खांब नव्याने बांधून झाल्यावर त्याने वाशिमच्या ऑफिसला एसटीने जाणं सुरू ठेवलं आणि गाडी माझ्याकडे आली.

मी मंगरुळपीरला राहते आणि आसेगावला शाळेत शिकवते. अकरा वर्षं झाली, रोज याच गाडीने जाते आणि येते. लोक विचारतात, नवी का घेत नाही. मी सांगते, ही चालते आहे ना. हे अगदी खरं नाही. ती चालत होती कारण आमच्या गावात चाचा होते.

चाचांचं गॅरेज बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. वर पत्रा, खाली काळी माती, आणि मध्ये एक लाकडी बाकडं, ज्यावर गिऱ्हाइकाने बसून गप्प राहायचं असा नियम. माणूस उंच, हडकुळा, सत्तरीच्या आसपासचा. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्यांनी जुन्या गाड्यांशिवाय कशाला हात लावला नव्हता. जुन्या गाड्या संपत गेल्या, तसं त्यांचं काम संपत गेलं. शेवटी तालुक्यात नियमित चालणारी आमची एकच उरली. चाची म्हणायच्या, "तुमची गाडी बंद पडली का आमच्या घरात ईद असते."

इंजिन चालू ठेवून चाचा डोळे मिटून उभे राहत. कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा आटा फिरवत, पुन्हा ऐकत. तेलं ते वासाने ओळखत. डब्यांवर काय लिहिलं आहे ते मी त्यांना कधी वाचताना पाहिलं नाही. मला ते कौशल्य वाटायचं. नंतर ते मला "मॅडम, हा नंबर वाचा बरं" असं सांगू लागले. मला वाटलं, बाई शिक्षिका आहे, वाचायची हौस असेल, म्हणून सांगत असतील. प्लगमधलं अंतर मोजायची पातळ पट्टी ते माझ्या हातात देत आणि म्हणत, "पाहा, जाऊन राह्यली का घसटत?" मी पाहायची. असं दोन वर्षं चाललं. मी रोज पस्तीस मुलांच्या चेहऱ्यावरून कोणी गृहपाठ केला नाही ते ओळखते. चाचांना दिसत नाही, हे मला दोन वर्षांत ओळखता आलं नाही.

त्या वर्षी जानेवारीत थंडी चांगली होती. सकाळी गाडीला चोक द्यावा लागे आणि माणसांना काढा. चाचांना सर्दी झाली होती. ब्रेकच्या डबीतलं तेल थोडं खाली गेलं होतं, म्हणून शाळेतून येताना मी गाडी त्यांच्याकडे नेली. त्यांनी मांडणीवरून डबा काढला, झाकण उघडून नाकाजवळ नेला, जोरात नाक ओढलं, आणि डबी भरून दिली. सगळं दोन मिनिटांत झालं. मी बाकड्यावर बसलेसुद्धा नाही.

पाचव्या दिवशी आसेगावच्या अलीकडे गाडी जड झाली. आधी वाटलं वारा आहे. मग वाटलं चढ आहे. रस्ता सपाट होता आणि वारा मागून होता. टॉपमधून तिसऱ्यात आले, तिसऱ्यातून दुसऱ्यात, आणि एका तुरीच्या शेताशी गाडी आपोआप उभी राहिली. पुढच्या चाकांतून जळका वास येत होता. ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट. पाय काढला तरी ब्रेक लागलेलाच. मागून ढकलावं तर चाक हलेना.

शेतात तूर कापणं चाललं होतं. पाच-सहा बाया विळे घेऊन बांधावर आल्या. त्यांतली सर्वांत म्हातारी गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "बैल बसला असता तं शेपूट पिरगाळलं असतं बाई. याचं काय पिरगाळावं?"

मी चाचांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पेडल वर आहे का खाली, चाकं किती गरम, आवाज कसा. मग म्हणाले, "पुढच्या चाकाच्या मांगं हात घाला. रबरी पाइप जठी लागते, त्याच्या बाजूले एक लहान निपल असन. डिक्कीतला सगळ्यात लहान पाना घ्या. अर्धा आटा ढिला करा. तोंड बाजूले ठेवजा."

मी साडी खोचून रस्त्यावर आडवी झाले. म्हातारीने माझी पर्स धरली. निपल सापडलं, पाना बसला, अर्धा आटा फिरवला आणि तेलाची पिचकारी थेट माझ्या बाहीवर आली. चाक सैल झालं. म्हातारी वाकून बघत होती. ती म्हणाली, "म्हंजे हे शेपूट."

फोन चालूच होता. चाचा म्हणाले, "तेल निंगलं?"

"निघालं."

"कोन्या रंगाचं?"

मी बाही उन्हात धरली. "हिरवट. दाट आहे."

पलीकडे त्यांनी सर्दीचं नाक ओढलं. मग म्हणाले, "वास घ्या."

मी वास घेतला. अकरा वर्षं त्या बाकड्यावर बसून मलाही तेवढं कळत होतं. "चाचा, हा गिअरच्या तेलाचा वास आहे."

यावर ते इतका वेळ गप्प राहिले की मला वाटलं रेंज गेली. "चाचा, फोन चालू आहे का?"

"हाव," ते म्हणाले. "निपल कसून घ्या. ब्रेकवर पाय ठिवू नका. हँडब्रेकनं या, दुसऱ्या गिअरमंधी. घाई करू नका." आणि फोन ठेवला.

त्या दिवशी मी शाळेत पोचलेच नाही. हेडमास्तरांना फोन करून रजा सांगितली. ब्रेकचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ब्रेक फेल?" मी म्हणाले, "नाही सर, जास्त पास." गाडी वळवून दुसऱ्या गिअरमध्ये मंगरुळपीरला आणली. दोन सायकली आणि एक म्हशींचा कळप आम्हाला मागे टाकून गेला.

गॅरेजचं शटर खाली होतं. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. शेवटी मी घरी गेले. चाचा अंगणात खाटेवर बसले होते. मी फाटक उघडून थेट त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी विचारलं, "कोन हाय?"

चाचींनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. तेव्हा मला कळलं.

"चार साल झाले," चाची म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय. एक तं पिकला म्हनते. डॉक्टरनं सांगतलं ऑपरेशन करा. ऐकतच नाईत."

चाचा म्हणाले, "मॅडम, तुमीच सांगा. चालतं इंजिन कधी खोलावं का? मी आयुष्यभर लोकायले हेच सांगतलं. एकदा खोललं का मंग कंपनीसारखं बसत नाई."

"माझं इंजिन तुम्ही तीन वेळा खोललं," मी म्हणाले.

"म्हनूनच सांगून राह्यलो."

मी खाटेच्या कडेला बसले. ते बराच वेळ पायातल्या चपलेशी खेळत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "ब्रेक लागला म्हनून तुमी थांबल्या. उलटं झालं असतं तं? पेडल दाबलं अन् लागलाच नसता तं? आसेगावच्या शाळेत लेकरं वाट पाहत बसली असती." त्यांनी हात झटकले. "मी आता कोन्याच गाडीले हात लावनार नाई."

मला त्यांचा राग आला नव्हता असं नाही. रस्त्यावर आडवी पडलेली असताना चांगलाच आला होता. पण समोर बसलेल्या माणसाने स्वतःला माझ्यापेक्षा जास्त सुनावून झालं होतं. माझ्यासाठी त्याने काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

बायपासवर एक नवं गॅरेज आहे, तिथे विचारून पाहिलं. तिथला मालक गाडीभोवती फिरला, बॉनेट उघडलं, आत पाहिलं, आणि अदबीने बंद केलं. "मॅडम, याले स्कॅनर लावाले जागाच नाई," तो म्हणाला. मी परत चाचांकडे गेले.

"तुम्ही हात लावू नका," मी म्हणाले. "मी लावते. तुम्ही खुर्चीवर बसा आणि सांगा."

"तुमाले जमनार नाई."

"मग तुम्ही शिकवायला कमी पडलात असं होईल."

शिक्षकी पेशात इतकी वर्षं काढल्यावर कोणाला काय बोललं की तो उठतो, एवढं कळतं. रविवारी सकाळी नवरा त्यांना मोटारसायकलवर बसवून आमच्या अंगणात घेऊन आला.

चुकीच्या तेलाने ब्रेकमधली सगळी रबरं फुगली होती. ती सगळी काढायची, नळ्या धुवायच्या, नवी रबरं बसवायची, नवं तेल भरायचं, नळ्यांतली हवा काढायची. चार चाकं आणि पेडलपाशी एक मुख्य सिलिंडर. चाचा हे सांगत होते तेव्हा मी वहीत लिहून घेत होते. ते म्हणाले, "लिहून ब्रेक लागत नाई." मी वही ठेवून दिली.

रबरांचा संच अकोल्याहून मागवला. त्यासाठी चाचांनी फोनवर एका जुन्या दुकानदाराशी अर्धा तास गप्पा मारल्या, आणि त्यांतला रबराविषयीचा भाग एक मिनिटाचा होता. तोवर आम्ही चाकं उघडली. ब्रेकच्या ड्रमवर हातोडी मारायची ती हळू आणि गोल फिरवत, हे त्यांनी माझ्या हातोडीचा आवाज ऐकून दुरुस्त केलं. "एकाच जागी मारून राह्यल्या तुमी. फिरा." स्प्रिंग काढताना पक्कड सटकून माझी बोटं सोलली तेव्हा ते म्हणाले, "आता कळलं का, ती कोनीकडे वढते?" खरंच कळलं होतं.

फुगलेलं एक रबर मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोन बोटांत दाबलं, दुसरं नवं रबर शेजारी धरून चाचपलं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. ते रबर त्यांनी कुर्त्याच्या खिशात ठेवलं आणि मला परत दिलं नाही.

नवरा चहा आणून देत होता आणि मधूनमधून गाडीच्या टपावर थाप मारत होता. एकदा त्याने विचारलं, "मी काही करू का?" चाचा म्हणाले, "फाटक लावून घ्या." खांबाचं त्यांना माहीत होतं.

असे तीन रविवार गेले. मधल्या दिवसांत मी एसटीने शाळेत जात होते आणि रोज उशिरा पोचत होते. तिसऱ्या रविवारी मागच्या डाव्या चाकाशी अडलं. ब्रेकच्या चंद्रकोरीसारख्या पट्ट्यांवर जे अस्तर असतं, त्याला लायनिंग म्हणतात. मी ती पट्टी काढून हातात घेतली होती.

"लायनिंग कशी दिसून राह्यली?" चाचांनी विचारलं.

"काळी."

"काळी म्हंजे कशी काळी? जळून काळी का तेल पिऊन काळी?"

मी पाहिलं. काळी होती. "काळी," मी पुन्हा म्हणाले.

"अवो मॅडम, जळली असन तं घासून चालते. तेल पेली असन तं फेकाले लागते. पाहा ना नीट."

मी उन्हात नेऊन पाहिली, सावलीत पाहिली, नवऱ्याला दाखवली. तो म्हणाला, "चांगली काळी आहे." चाचांनी हात पुढे केला. मी पट्टी दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, अजून जवळ नेली, उजव्या डोळ्याला, मग डाव्या डोळ्याला, शेवटी ती नाकाला टेकली. नाकाच्या शेंड्याला काळं लागलं. ते त्यांना कळलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. ते तसेच पट्टी धरून बसले.

"मले नाई दिसत," ते म्हणाले. चार वर्षांत पहिल्यांदा म्हणाले असावेत. मग पट्टी मांडीवर ठेवून, जणू दुसराच विषय काढावा तसं विचारलं, "वाशिमले तो डोळ्याचा डॉक्टर कोन्या वारी बसते?"

लायनिंग आम्ही नवीच टाकली. पंधरा दिवसांनी त्यांना वाशिमला न्यायचं ठरलं. मी एसटीने जाऊ म्हणाले. ते म्हणाले, "कायले? ब्रेक नाई लागत का तुमचे?" मी म्हणाले, लागतात. "मंग?"

पुढे चाचा, मागे चाची आणि चार पुडाचा डबा. वाशिम तासाभराचा रस्ता, आम्हाला दीड तास लागला, कारण प्रत्येक वळणापूर्वी चाचा "पाय ठिवा बरं" म्हणत आणि कान देत. मागचं डावं चाक किंचित आधी पकडतं असं त्यांचं मत होतं. मला ते जाणवत नव्हतं. चाची म्हणाल्या, "मले तं चारी सारखेच वाटून राह्यले." चाचा म्हणाले, "तू मांगं बसली हाय."

दवाखान्यात डॉक्टरीण तरुण होती. तिने समजावून सांगितलं की आतलं धुरकट भिंग काढून नवं बसवणार. चाचांनी विचारलं, "ओरिजिनल का डुप्लिकेट?" ती म्हणाली, "चांगल्यापैकी." त्यांना हे उत्तर आवडलं नाही. स्पेअरपार्टच्या दुकानात चांगल्यापैकी म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक होतं. "अन् कितीक वेळ खोलून ठिवता?" "वीस मिनिटं, बाबा." ते माझ्याकडे वळले. "कार्बोरेटरलेच मले दोन तास लागते," ते म्हणाले. आत जाताना त्यांनी खिशातला पाना चाचींकडे दिला. तो खिशात कशासाठी होता, हे कोणी विचारलं नाही. चाची मात्र तो दोन्ही हातांत धरून बसल्या, आणि आतून नर्स बाहेर येईपर्यंत त्यांनी तो खाली ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. तपासून झाल्यावर काळा चष्मा लावून त्यांना बाहेर आणलं. पायरीवर त्यांनी चष्मा थोडा वर केला आणि माझ्याकडे निरखून पाहिलं.

"मॅडम, तुमचे केस पांढरे झाले."

"तीन वर्षं झाली, चाचा."

"कोनी सांगतलं नाई."

मग त्यांची नजर गाडीवर गेली. ते दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. "हा दरवाजा कोनं रंगवला?"

गाडी दुधी रंगाची आहे. डावीकडचा मागचा दरवाजा दोन वर्षांपूर्वी खरचटला म्हणून पुन्हा रंगवला होता. तो फिकट पिवळा आहे, कढीसारखा. मला वाटायचं, वाळल्यावर जुळेल. नंतर सवय झाली.

"तुम्हीच," मी म्हणाले.

चाचांनी चष्मा खाली केला. "अन् तुमी दोन वर्षं अशीच फिरवली?"

"तुम्ही म्हणाला होता, एकदम मॅच आहे."

चाची तोंडाला पदर लावून गाडीत जाऊन बसल्या. परतीच्या रस्त्यावर चाचा ब्रेकविषयी काही बोलले नाहीत. ते खिडकीबाहेर बघत होते. हरभऱ्याची शेतं, विजेचे खांब, ढाब्यावरच्या पाट्या. पाट्या ते मोठ्याने वाचत होते. एका ठिकाणी म्हणाले, "इथं तं निंब होता मोठा." चाची म्हणाल्या, तो तोडून बरेच दिवस झाले.

महिनाभराने त्यांना काम करायची परवानगी मिळाली. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी गाडी मागवली आणि माझं सगळं काम उघडलं. चारही चाकं, मुख्य सिलिंडर, नळ्यांचे सांधे. मी बाकड्यावर बसून गप्प राहिले. नियम माझ्यासाठी बदलला नव्हता. आपली वही शिक्षकाच्या हातात गेल्यावर मुलांना कसं वाटतं, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. त्यांनी प्रत्येक स्प्रिंग ओढून पाहिली, प्रत्येक रबर बोटाने चाचपलं, मग डोळ्यांनी पाहिलं, मग पुन्हा चाचपलं. दुपारी सगळं परत बसवून हात फडक्याला पुसले.

"चालते," ते म्हणाले.

एवढंच. मागच्या डाव्या चाकाविषयी मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. दरवाजाचा रंग मात्र खरवडून काढायला घेतला होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर त्यांच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. त्या वेळी ते एसटीने गेले, चाचींना घेऊन. मला शाळा होती. परत आल्यावर फोन करून त्यांनी एसटीच्या ब्रेकविषयी पंधरा मिनिटं सांगितलं. डोळ्याचं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तो बी चालते."

मग ऑगस्टमध्ये एक दिवस मधल्या सुट्टीत शाळेचा शिपाई वर्गाच्या दारात आला. फाटकाशी इंझोरीहून कोणी एक शेतकरी जुनी जीप घेऊन आला आहे आणि मला विचारतो आहे, म्हणाला. मला वाटलं कुणाचा पालक. मी बाहेर गेले. माणूस जीपला टेकून उभा होता.

"ब्रेक पंप कराले लागते तीन-तीन वेळा," तो म्हणाला. "मंगरुळच्या चाच्यानं धाडलं. म्हने, ब्रेकचं काम असन तं आसेगावच्या मॅडमकडे जा, मी आता तिच्याकडेच धाडतो."

मी त्याला सांगितलं की मी मराठी शिकवते. तो म्हणाला, ते बी सांगतलं चाच्यानं.

हेडमास्तर व्हरांड्यातून बघत होते. सातवीची पोरं फाटकाला लटकली होती. मधली सुट्टी संपायला वीस मिनिटं होती. तीन वेळा पंप करावं लागतं म्हणजे नळीत हवा शिरली आहे, हे मला जीपकडे न बघताच कळलं होतं, आणि ते कळल्याचं मला आवडलं होतं. मी माझ्या गाडीच्या डिक्कीतून सगळ्यात लहान पाना आणला, त्या माणसाला पेडल दाबून बसवलं, आणि मी सांगेपर्यंत पाय काढायचा नाही असं बजावून जीपखाली वाकले.